भूलताईचं दूध

आमच्या दवाखान्यात भूल देणारी डॉक्टर एकच होती. तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे भूलताई. नाव थिएटरची साफसफाई करणाऱ्या मावशींनी पाडलं आणि ते इतकं चिकटलं, की एकदा एका पेशंटच्या नातेवाइकाने अर्जावरसुद्धा 'भूलताई यांस' असं लिहिलं. तिने तो अर्ज वाचून फाइलला लावला. हसली नाही, रागावलीही नाही.

मी त्या थिएटरची सिस्टर. सव्वीस वर्षं तिथे काढली. माझं घर दवाखान्याच्या क्वार्टर्समध्ये खालच्या मजल्यावर, तिचं बरोबर माझ्या डोक्यावर. त्यामुळे तिचं दवाखान्यातलं मला दिसायचं आणि घरातलं ऐकू यायचं.

भूल देणाऱ्याचं काम बाहेरच्याला कळत नाही. लोकांना वाटतं, इंजेक्शन दिलं, माणूस झोपला, संपलं. तसं नसतं. कापणारा डॉक्टर मधेच हात धुऊन पाणी पिऊन येऊ शकतो, त्याच्या जागी सहायक उभा राहतो. भूल देणाऱ्याला पेशंटच्या डोक्याजवळचं स्टूल सोडता येत नाही. त्या माणसाचा श्वास, नाडी, रक्तदाब, सगळं त्याच्या हातात. आधी आमच्याकडे दोघं होते. दुसरे डॉक्टर मोठ्या शहरात निघून गेले, तेव्हा भूलताईची मुलगी अडीच महिन्यांची होती. अधीक्षक साहेबांनी तिला घरी निरोप पाठवला, रजा उरली असली तरी या, थिएटर बंद ठेवता येणार नाही. तिचा नवरा पुलांच्या कामावर अभियंता, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. घरात ती, सासूबाई आणि बाळ. बाळ जन्मताना अगदी बारीक होतं, म्हणून आजीने त्याचं नाव मुंगी ठेवलं होतं.

ती परत आली, त्या दिवशी पहिलीच केस सिझरची होती. कंबरेत इंजेक्शन देऊन ती बाईच्या उशाशी बसली. बाळ बाहेर आलं, रडलं. मी ते बाळाच्या डॉक्टरांकडे दिलं आणि वळले, तर भूलताई मान खाली घालून बसलेली, आणि तिच्या हिरव्या कपड्यावर छातीशी दोन काळसर डाग पसरत चाललेले. दुसरीचं मूल रडलं आणि हिला पान्हा फुटला होता. टेबलावरची बाई विचारत होती, "काय झालं, काय आहे?" भूलताई तिला म्हणाली, "मुलगा आहे. चांगला रडतोय." आवाज अगदी नेहमीसारखा. मी गॉझचे दोन जाड तुकडे घडी करून तिच्या हातात दिले. तिने मागे वळून ते कपड्याच्या आत सारले. आमच्याकडे आठवड्याला सहा-सात सिझर असायची. पुढे मी विचारणंच सोडलं, केस लागली की गॉझ आधीच काढून ठेवायची.

दूध काढायला ती छोटा हातपंप घेऊन यायची. जागा कुठली? डॉक्टरांच्या खोलीत सगळे येऊन-जाऊन. संडासात ती बसायला तयार नव्हती, आणि बरोबरच होतं. शेवटी चादरींच्या कोठीत बसायला लागली. तिथे गठ्ठ्यांच्या मधे एक मोडकं खुर्चीवजा काहीतरी होतं. दाराला आतून कडी नव्हती. मावशी बाहेर फरशी पुसत उभी राहायची आणि कोणी आलं की म्हणायची, "ओलं आहे, थांबा." एका मावशीने दिवसभरात तीच फरशी चारदा पुसल्याचं मला आठवतं.

अधीक्षक साहेब स्वतः मुलांचे डॉक्टर. त्यांच्या विभागात भिंतीवर मोठं चित्र होतं, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. दर गुरुवारी ते नव्या आयांना जमवून तेच समजावून सांगत, आणि मनापासून सांगत. भूलताई त्यांच्याकडे खोली मागायला गेली, तेव्हा मी रजिस्टर घेऊन तिथेच उभी होते.

"साहेब, एखादी लहानशी जागा मिळाली तर. कडी असलेली. पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा."

"जागेची अडचण तुम्ही बघताच आहात मॅडम. अर्ज द्या. वर पाठवतो."

"अर्ज दिलाय साहेब. गेल्या महिन्यात."

"मग पाठवला असणार," साहेब म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, "सिस्टर, रजिस्टर आणा इकडे."

माझ्याबद्दलही सांगितलं पाहिजे. मला तेव्हा तिची फारशी दया येत नव्हती. माझा थोरला दीड महिन्याचा असताना मी त्याला आईकडे ठेवून कामावर रुजू झाले होते. छाती बांधून टाकली, आठ दिवस ताप काढला, झालं. आमच्या वेळी पंप नव्हते आणि अर्जही नव्हते. आम्ही निभावलं, मग हिचंच काय एवढं कौतुक, असं मी मावशींपाशी बोललेही होते. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

काढलेलं दूध ती थिएटरच्या फ्रीजमध्ये ठेवायची. खालच्या कप्प्यात स्टीलचा डबा, वर पट्टी चिकटवलेली. संध्याकाळी तो डबा घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी आजी ते दूध वाटी-चमच्याने मुंगीला पाजायच्या. फ्रीज औषधांचा होता, त्यात दुसरं काही ठेवायचं नाही असा नियम होता, हेही खरं. महिनाभर कोणी काही बोललं नाही. मग तपासणीचं पथक यायचं ठरलं. साहेबांचा फोन आला, "फ्रीजमध्ये औषधांशिवाय काही दिसता कामा नये. आत्ता."

भूलताई आत केसवर होती. आतड्याचं ऑपरेशन चाललेलं. मी डबा उघडला. तीन बाटल्या. बाहेर ठेवल्या असत्या, तर त्या उकाड्यात फुकटच गेल्या असत्या, असं मी स्वतःला सांगितलं. मावशीबरोबर घरी पाठवता आल्या असत्या, दहा मिनिटांचं काम. ते सुचलं नाही असं म्हणते मी, पण खरं तर मावशी मला तपासणीसाठी हाताशी हवी होती. मी तिन्ही बाटल्या हात धुवायच्या बेसिनमध्ये ओतल्या.

दुपारी ती बाहेर आली, फ्रीज उघडला आणि तसाच धरून उभी राहिली.

"सिस्टर, माझा डबा?"

"मी ओतलं दूध, मॅडम. साहेबांचा फोन होता. तपासणी आहे."

"किती होतं?"

"तीन बाटल्या."

तिने मान हलवली. "उद्याचं होतं ते," म्हणाली. मग फ्रीजचं दार हळूच लावलं, आणि पुढच्या केसचे कागद मागितले. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर मलाही दोन शब्द बोलता आले असते.

त्या रात्री वरच्या मजल्यावर मुंगी बराच वेळ रडत होती. दुसऱ्या दिवशी घरात पावडरचा डबा आला. फ्रीजची सोय बंद झाल्यावर आजींनीच तोडगा काढला. त्या दुपारी बाराच्या सुमाराला मुंगीला कडेवर घेऊन दवाखान्यात यायच्या आणि थिएटरबाहेरच्या बाकावर बसायच्या. दोन केसच्या मधे वीस मिनिटं मिळाली की भूलताई कपडे बदलून बाहेर यायची आणि कोठीत बसून पाजायची. आजी सत्तरीच्या, गुडघे गेलेले, पण दहा मिनिटांची वाट त्या रोज चालत यायच्या. कधी मधली केस लांबायची. मग आतून मीच निरोप न्यायची, "आजी, अजून तासभर तरी." त्या म्हणायच्या, "असू दे गं. तिला सांगू नकोस आम्ही आलोय म्हणून, तिचं लक्ष उडेल." आणि भुकेने कावलेल्या पोरीला थोपटत परत निघायच्या.

तो बाक बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेला लागूनच होता. खोकणारी, शिंकणारी माणसं अंगावरून जायची. तिसऱ्या आठवड्यात मुंगीला सर्दी झाली. दोन दिवसांनी छाती भरली. चार महिन्यांचं पोर, श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. दवाखान्यातच दाखल केलं, नाकाला ऑक्सिजन लावला. सहा दिवस ती तिथे होती. खाली लेक ऑक्सिजनवर आणि वर आई दुसऱ्याच्या श्वासावर नजर ठेवून बसलेली. केस संपली की ती जिन्यावरून पळत खाली जायची. मुंगीला धाप लागायची, तिला ओढून पिताच येत नव्हतं. नळीतून दूध द्यायचे.

पोर वाचली. सातव्या दिवशी साहेबांनी तिला स्वतः तपासून घरी सोडलं आणि भूलताईला म्हणाले, "आता बाळाला इथे आणू नका. तुम्ही डॉक्टर आहात, मी सांगायला नको." यात त्यांचं काही चुकीचं नव्हतं. त्यांचं एकेक वाक्य घेतलं, तर कुठलंच चुकीचं नसायचं.

मग राहिली ती फक्त कोठी, आणि काढलेलं दूध ठेवायला बर्फाची पिशवी. वेळ मिळेल तेव्हा ती काढायची. मिळायचं नाही तेव्हा नाही. थिएटरचे सर्जन, आम्ही त्यांना सर म्हणायचो, वयाने मोठे, हात सोन्याचा, जीभ जरा तिरकी. एकदा ती कोठीतून आली, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तुमची दुपारची सुट्टी संपली असेल तर आपण पोट उघडू या का?" सगळे हसले. मीही हसले.

आणि मग तो गवंडी आला. बांधकामावरून तिसऱ्या मजल्यावरून पडलेला, पोटात रक्त साचलेलं. सकाळी साडेनऊला घेतला. प्लीहा फुटली होती, आतडं दोन ठिकाणी. दोनदा त्याचा रक्तदाब इतका खाली गेला, की सरांनी हात थांबवून तिच्याकडे पाहिलं. ती एका हाताने रक्ताची पिशवी दाबत होती, दुसऱ्या हाताने औषध भरत होती. साडेचारला पोट शिवलं. सात तास ती त्या स्टुलावरून उठली नव्हती. गॉझ कधीच भिजून गेला होता, कपडा पोटापर्यंत ओला. उठताना तिने डावा हात छातीशी धरला आणि क्षणभर भिंतीला टेकली.

"दगड झालाय सिस्टर," एवढंच म्हणाली.

गवंडी वाचला. अकराव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेला. भूलताईच्या डाव्या बाजूला मात्र गाठ धरली ती सुटेना. शेक झाला, दाबून काढणं झालं, गोळ्या झाल्या. बाजू लाल, तापलेली, ठणकणारी. अंगात ताप घेऊन ती रोज येत होती, कारण ती आली नाही तर थिएटरला कुलूप. पाजताना मुंगीने तोंड लावलं, की भूलताईचा दबका आवाज मला खालपर्यंत ऐकू यायचा. तरी पाजत होती. आठव्या दिवशी केसच्या मधेच तिला हुडहुडी भरली. केस कशीबशी संपवली, पेशंट जागा झाल्याचं बघितलं, आणि मग सरांपुढे उभी राहून म्हणाली, "सर, जरा बघता का? पू झालाय बहुतेक."

सरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "हे आजच्या आज उघडावं लागेल. पूर्ण भूल देऊन. आत खोल आहे."

पूर्ण भूल कोण देणार? भूल देणारी तर हीच.

सर म्हणाले, "तुम्हाला पुढच्या शहरात पाठवतो. तीन तासांत पोचाल."

"रुग्णवाहिका सकाळीच गेलीय पेशंट घेऊन," मी म्हणाले.

"नकोच," भूलताई म्हणाली. "जागेवर इंजेक्शन देऊन करा. मी सांगते किती द्यायचं."

"पू भरलेल्या जागी ते नीट लागत नाही, मॅडम. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे, म्हणूनच सांगतेय. थोडी तरी धार बोथट होईल. झोपेचं औषध नको, माझा श्वास बघायला इथे कोणी नाही."

ज्या टेबलाच्या उशाशी ती तीन वर्षं बसली, त्यावर ती आडवी झाली. मला म्हणाली, "मॉनिटर माझ्याकडे फिरवा." आपली नाडी ती आपणच वाचत राहिली. एकशे अठरा. एकशे तीस. मी तिचा उजवा हात धरला होता. सरांनी चिरा दिला, तेव्हा तिच्या तोंडून मोठा आवाज निघाला नाही, पण माझ्या बोटातली अंगठी वाकली. पू निघाला तो पेल्यात मावेना, आणि त्यात दुधाचे धागे होते. आतले कप्पे मोडायला सरांना बोट आत घालावं लागलं. "झालं, झालं," ते म्हणत होते, आणि होत नव्हतं. त्यांच्या कपाळावरचा घाम मी दोनदा टिपला. तिरकी जीभ त्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे. शेवटची पट्टी भरून झाल्यावर ते तिला म्हणाले, "मॅडम, मला माफ करा." कशाबद्दल ते बोलले नाहीत. तिने डोळे मिटले होते. "सहाची गोळी कोणती देणार?" असं तिने विचारलं.

तिला घरी धाडलं. तिसऱ्या दिवशी अडलेली एक बाई आली. पहिलं बाळंतपण, बाळाचे ठोके मंदावलेले. सिझर हवं होतं आणि भूल द्यायला कोणी नव्हतं. पुढच्या शहरात पाठवली. बाई वाचली, बाळ वाटेतच गेलं. तिचा नवरा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आला आणि पायरीवर बसून राहिला. कोणीतरी त्याला सांगितलं, की भूल देणाऱ्या मॅडम रजेवर होत्या. ते वर तिच्यापर्यंत पोचलं. कसं पोचलं ते मी विचारलं नाही. पाचव्या दिवशी ती जखमेत पट्टी घेऊन कामावर हजर झाली.

"अहो, निदान जखम भरू द्या," मी म्हणाले.

"आज किती केस आहेत?" तिने विचारलं.

या सगळ्यात मुंगी बाटलीला सरावली होती. डाव्या बाजूला तर तोंड लावता येतच नव्हतं, पण उजव्या बाजूलाही ती घेईना. भूलताईने जवळ घेतलं, की पाठ ताणून मान फिरवायची आणि रडायची. एका रविवारी मी आजींचं औषध द्यायला वर गेले होते. आतल्या खोलीत भूलताई तासभर प्रयत्न करत होती. थोपटून, गाऊन, अंधार करून. पोर रडून रडून निळी पडायला आली. शेवटी आजी आत गेल्या. "दे इकडे," त्या म्हणाल्या. रागाने नाही. मुंगी आजींच्या मांडीवर गेली, बाटली तोंडात जाताच गप्प झाली आणि सुस्कारे टाकत प्यायला लागली. आजी माझ्याकडे बघेनात. भूलताई बाहेर आली, ब्लाउजची बटणं लावत. "पिते आहे ना?" म्हणाली. "मग झालं तर."

दूध थांबवायच्या गोळ्या तिने स्वतःच लिहून घेतल्या. मुंगी तेव्हा पाच महिन्यांची होती.

पायरीवर बसलेल्या त्या माणसाने तक्रार केली होती. चौकशी झाली, आणि महिनाभरात दुसरा भूलतज्ज्ञ आला. दुसऱ्या डॉक्टरसाठी केलेल्या अर्जांनी तीन महिन्यांत जे झालं नव्हतं, ते एक बाळ गेल्यावर झालं. आता भूलताईला दिवसातून तीनदा काय, पाचदा पंधरा मिनिटं मिळाली असती. नव्या डॉक्टरांशी तिने कामाची वाटणी करून घेतली. हाडं, पोटं, अपघात तिच्याकडे. सिझर त्यांच्याकडे. त्यांनी कारण विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दुसरं मूल तिने होऊ दिलं नाही. आजी एकदोनदा बोलल्या, मग त्यांनीही तो विषय सोडला.

मुंगी आता नऊ वर्षांची आहे. चांगली उंच, तोंडाळ, बारीकसारीक प्रश्न विचारून जीव खाणारी. तिला काहीही झालेलं नाही. हे मी भूलताईला म्हणाले होते एकदा, जिन्यावर. "बघा मॅडम, पोर कशी ठणठणीत आहे. पावडरवर वाढलेली."

"हो," ती म्हणाली. "तिचं काही बिघडलं नाही. तिचं काही बिघडेल असं मला कधी वाटलंही नव्हतं, सिस्टर."



माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात एक तरुण डॉक्टर भूल शिकायला आमच्याकडे होती. सातवा महिना लागलेला. हुशार, हसरी पोरगी. केस संपल्यावर हातमोजे काढता काढता तिने सहज विचारलं, "मॅडम, तुम्हीही बाळ लहान असताना काम केलंत ना? जमतं ना सगळं?"

थिएटरमध्ये त्या क्षणी मी, सर आणि मावशी होतो. सर कागद लिहीत होते, त्यांचं पेन थांबलं.

"नाही जमत," भूलताई म्हणाली. "माझं नाही जमलं. तुझी सहा महिन्यांची रजा आजच लेखी मंजूर करून घे, आणि मधे कोणी बोलावलं तरी येऊ नकोस. मीसुद्धा बोलावलं तरी येऊ नकोस."

पोरगी हसली. तिला ती थट्टा वाटली. मग कोणीच हसत नाही हे बघून तिने मान हलवली. त्या पोरीने पुढे काय केलं ते मला ठाऊक नाही. महिनाअखेरीला मी निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडलं.